रस्त्याकडे तोंड

सायकलच्या हँडलला अडकवलेल्या सीटवर पोरीचं तोंड कुणीकडे असावं, याबद्दल नागपुरातल्या आमच्या अख्ख्या महाल पेठेला मत होतं आणि ते मी न विचारता मला ऐकायला मिळत होतं. सायकल माझी, पोरगी माझी, सकाळच्या घाईत पायडल मारणारा मी. पण कोपऱ्यावरचे गोपाळराव, ज्यांनी उभ्या जन्मात सायकलवर टांग टाकली नव्हती, तेसुद्धा दात घासता घासता ओट्यावरून ओरडायचे, "मार्तंडराव, पोरगी मोठी झाली, आता तिले रस्ता पाहू द्या!" मी घंटी वाजवून पुढे निघायचो. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. यातला पहिला भाग मी नाइलाजाने पाळत होतो आणि दुसरा आवडीने.

सीट वेताची होती. पाय सोडायला दोन भोकं, हँडलवर अडकवायला दोन लोखंडी आकडे आणि खाली दांड्यावर कसलेली एक पट्टी. चारुशीला, म्हणजे आमची चारू, नीट बसायला लागली तेव्हा सायकलवाल्या आनंदरावांनी ती लावून दिली होती, पोरीचं तोंड माझ्याकडे ठेवून. "मान अजून कच्ची आहे," ते म्हणाले होते, "झोप लागली तं तुमच्या छातीवर पडन. मोठी झाली का फिरवून देऊ." मोठी म्हणजे केव्हा, असं मी विचारलं. "पाय लागले का," एवढं सांगून ते दुसऱ्याच्या पंक्चरकडे वळले.

आता पाय लागत होते. चारूला दोन वर्षं होऊन गेली होती आणि दर पायडलला तिची टाच माझ्या गुडघ्यावर बसत होती. मी गुडघे बाहेर फाकवून बेडकासारखी सायकल चालवायचो. आनंदरावांच्या दुकानावरून जाताना मात्र मी मुद्दाम आभाळाकडे बघायचो.

कारण त्या सायकलवर मी देव होतो. दुसरा शब्द मला सापडत नाही.

रोज सकाळी आम्ही महालातून निघायचो, शुक्रवारी तलावाच्या काठाने, कॉटन मार्केटमधून, लोहापुलाखालून धंतोलीत. तिथे माझी मोठी बहीण यमुताई राहायची. चारूला तिच्याकडे सोडून मी सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या कचेरीत नकाशे काढायला जायचो. एवढ्याशा रस्त्यात आम्हा दोघांचं राज्य होतं. मला दिसायचा येणारा रस्ता, तिला दिसायचा गेलेला. माझ्या डोळ्यांपुढे वस्तू लहानशा उगवून मोठ्या व्हायच्या. तिच्या डोळ्यांपुढे त्या माझ्या कानाजवळून एकदम मोठ्या निघायच्या आणि मग लहान लहान होत तलावाच्या धुक्यात विरघळायच्या. मी म्हणायचो, "आता बैल येणार." ती डोळे मोठे करून थांबायची. आणि खरोखरच माझ्या दंडाशेजारून एक पांढरा बैल, शिंगांसकट, घामाच्या वासासकट निघायचा. मी म्हणायचो, "आता अंधार येणार," आणि लोहापुलाची सावली आम्हाला गिळायची. डोक्यावरून आगगाडी गेली तर सगळा पूल गुरगुरायचा आणि चारू माझ्याकडे अशी बघायची, जशी गाडीही मीच आणवली. मी नकार द्यायचो नाही.

कधी ती पेंगायची. कॉटन मार्केटात संत्र्यांच्या पेट्या फुटलेल्या असायच्या, हवेत साल सोलल्याचा वास, आणि तिचं डोकं हळूच माझ्या शर्टाच्या गुंड्यांवर येऊन टेकायचं. मग मी इतका सावकाश चालवायचो, की सायकल पडत कशी नाही याचं मलाच नवल वाटायचं. रस्ता, माणसं, हातगाड्या सगळं पाण्याखालून जात असल्यासारखं जायचं. या सुखापुढे गुडघ्याचं काय एवढं!

आता चारूच्या आईबद्दल. अरुंधती पारशिवनीच्या शाळेत गणित शिकवायची. बी.एड. होऊन कितीतरी वर्षं घरी बसली होती. मग ही नोकरी आली, आणि ती घे असं म्हणणारा मीच पहिला होतो. तिथे खोलीवर पोर सांभाळायला कुणी नव्हतं, इथे यमुताई होती, म्हणून चारू नागपुरात राहिली. अरुंधती शनिवारी शाळा सुटली की एस.टी.ने यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायची. नातेवाइकांना हे पचलं नाही. "आई तिकडे अन् लेकरू इकडे," असं म्हणून ते चहा मात्र दोनदा प्यायचे.

ते बोलणं सोसता आलं असतं. सोसवत नव्हता तो शनिवार. मी चारूला घेऊन स्टँडवर जायचो. अरुंधती फाटकाशी उभी असायची, खांद्याला झोळी, हातात चारूसाठी काहीतरी, बोरं नाही तर फुगा. आम्हाला बघितलं की तिला राहवायचं नाही. ती धावत यायची आणि सायकल नीट थांबायच्या आतच चारूला उचलायची. आणि चारू किंचाळायची. नुसती रडायची नाही, जीव जात असल्यासारखी किंचाळायची, माझा शर्ट मुठीत धरून. स्टँडवरची माणसं वळून बघायची. एकदा एका म्हातारबुवांनी अरुंधतीला सरळ विचारलं, "कोणाचं लेकरू आहे, बाई?"

मग रविवार अख्खा ओळख करून घेण्यात जायचा. संध्याकाळपर्यंत चारू तिच्या मांडीवर चढायची, रात्री तिच्या कुशीत झोपायची, आणि सोमवारी पहाटे पुन्हा निरोप. मी अरुंधतीला स्टँडवर सोडून सायकल वळवायचो. चारूचं तोंड मागे, आईकडे. माझ्या कुशीवरून वाकून ती हात हलवायची, "आईटाटा, आईटाटा!" दोन्ही शब्द मिळून एकच नाव. अरुंधती मला म्हणायची, "तो हात दिसत राह्यते ना, तोवर मी उभी राहते. मंग बसते गाडीत." आठवडाभराची तिची शिदोरी तेवढीच.

श्रावणातल्या एका रविवारी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "दिवाळीपर्यंत पाहते. तोवर पोरगी माह्याकडे नीट आली नाही, तं राजीनामा देते."

"काहून असं बोलतं वं?"

"मंग काय करू? माह्या वर्गातल्या पोरी मले पाहून हासतात. अन् माही पोरगी मले पाहून बोंबलते." तिने मेथीची जुडी बाजूला सारली. "ती मले ओळखतच नाही, हो."

मला राग आला. कुणावर ते कळेना, म्हणून मी मेथीवर काढला. देठं तोडून टाकली. तिला शाळेत शिकवताना मी एकदा बघितलं होतं. खिडकीबाहेर उभा होतो, तिला माहीत नव्हतं. फळ्यापुढे ती दोन इंच उंच दिसत होती. ती बाई आता घरी बसणार होती. आणि चारूला जबरदस्तीने तिच्या मांडीवर बांधून तर ठेवता येत नव्हतं.

यमुताईजवळ हे बोललो तर ती भलतीकडेच, सायकलवर गेली. "सीट फिरवू नको, गा," ती म्हणाली, "डोळ्यांत चिलटं जातीन. अन् पेंगली तं कोणाच्या अंगावर पडन, रस्त्याच्या? पोरीचं तोंड बापाकडे असलं का बापाले धाक राह्यते. नाही तं तू चालवतं कसा, मले मालूम आहे." सीटचा विषय मी काढलाच नव्हता. पण मला हवं तेच ती बोलली, म्हणून मी ते मोठ्या आदराने ऐकलं.

पोळ्याला अरुंधतीला सुट्टी मिळाली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सकाळी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक गेली, गल्लीतली घाण आणि रोगराई तिच्यासोबत हाकलून झाली, आणि संध्याकाळी देवळापुढच्या अंगणात पोरांचे लाकडी बैल जमले. स्वतःच्या पायांनी चालायचा चारूचा हा पहिलाच तान्हा पोळा. तिच्यासाठी मी वीतभर उंचीचा बैल आणला होता, चार चाकांचा. अरुंधतीने त्याला बेगडाची झूल शिवली, शिंगांना लाल गोंडे बांधले आणि गळ्यात सुतळी अडकवून दोरी चारूच्या हातात दिली.

अंगणात दिवे लागत होते. अगरबत्तीचा धूर जमिनीपासून हातभर उंचीवर तरंगत होता आणि त्यातून लाकडी बैल चाकं कुरकुरवत चालले होते. पुढे पोरं, मागे बैल. सगळी पोरं पुढे बघत, ऐटीत. फक्त आमची चारू उलटी. दोन्ही हातांत दोरी, तोंड बैलाकडे, आणि पाऊल मागे मागे टाकत चाललेली. लोक हसायला लागले. "हे पाहा, हे पाहा, मार्तंडरावाची उलटी गाडी!" गोपाळरावांना तर उचकी लागली.

मीही हसत होतो. मग मला तिचा आवाज ऐकू आला. ती बैलाला सांगत होती, "आता झाड येनार." आणि वाट बघत होती. झाड आलं नाही. अंगणात झाडच नव्हतं. "आता झाड येनार," तिने पुन्हा सांगितलं, अगदी माझ्या सुरात, आणि आणखी एक पाऊल मागे टाकलं. तिच्या पाठीमागे देवळाची पायरी होती.

शेजारच्या जिजाबाई जवळच उभ्या होत्या. त्यांनी मागून झटकन तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला वर उचललं. चारू किंचाळली.

ते किंचाळणं मी ओळखलं. ते शनिवारचं होतं, स्टँडवरचं, त्याच पट्टीतलं. जिजाबाई तर तिच्या रोजच्या ओळखीच्या. त्यांच्या हातची साखर खाऊन ती वाढली. त्यांना ती ओळखत नव्हती असं कोण म्हणेल? घाबरून त्यांनी तिला खाली ठेवलं. समोर चार पावलांवर अरुंधती बसली होती, हात पसरून. चारूने तिला पाहिलं. पाहिलं आणि बैल, दोरी, सगळं टाकून ती सरळ धावत जाऊन आईच्या पदरात घुसली.

त्या रात्री चारू झोपली, उशाशी बैल घेऊन. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. मग अरुंधतीच म्हणाली, "म्हणजे शनिवारी मी तिले..."

"मागून उचलते."

"तिले दिसतच नाही मी येताना."

"कसं दिसन? तिचं तोंड माह्याकडे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. ती आईला ओळखत नाही, ती दुरावली, ती फक्त बापाचीच झाली, काय काय आम्ही ठरवून बसलो होतो! आणि पोरीचं म्हणणं एवढंच, की कुठूनतरी दोन हात येतात आणि मला बापापासून ओढतात. तिच्या जगात येणारं काही नव्हतंच. जे होतं ते जाणारं होतं. आई तर सगळ्यांत जास्त. ती दर सोमवारी जायची, हळूहळू, लहान होत होत, आणि येताना कधीच दिसायची नाही.

अरुंधती हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली. मग तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात माझं आलं होतं.

"सीट फिरवली," ती सावकाश म्हणाली, "का सोमवारी तिचं तोंड रस्त्याकडे राहीन. मले तिची पाठबी दिसणार नाही, तुमचीच दिसन."

मला दिसणार होता चारूचा भांग आणि दोन वेण्यांची टोकं. बैल येणार, अंधार येणार, हे आता कुणाला सांगायचं? ते तिला माझ्याआधी दिसणार. पेंगलेलं डोकं गुंड्यांवर टेकणार नाही. मला रडू येईल असं वाटलं, आणि एका सीटपायी रडणारा बाप कसा दिसेल याची लाजही वाटली.

"फिरवा," अरुंधती म्हणाली.

"तसेबी पाय लागूनच राहिले होते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आनंदरावांनी पट्टीची चाकी सैल केली, आकडे काढले, सीट वळवली, पाठीला एक उशी बांधली, पेंगली तर कलंडू नये म्हणून पोटावरून रुंद पट्टा घातला आणि म्हणाले, "मी तं उन्हाळ्यातच फिरवून देत होतो. तुम्ही आभाळाकडे पाहत जात होते."

चारू पहिल्यांदा रस्त्याकडे तोंड करून बसली तेव्हा शुक्रवारी तलावापर्यंत एक शब्द बोलली नाही. मी वाकून बघायचा प्रयत्न केला तर सायकल डगमगली. ती घाबरली असेल, रडत असेल, काहीच कळेना. मग तिचा हात वर गेला. समोर, लांब, काठावरून एक म्हैस येत होती, अजून मांजराएवढी. चारू हात तसाच धरून होती. म्हैस मोठी मोठी होत आली, आमच्याशेजारून गेली. चारूने मान वळवून तिला जाताना बघितलं नाही. ती पुढचं शोधत होती. लोहापुलाखाली ती अंधाराआधीच ओरडली.

शनिवारी स्टँडवर मी अरुंधतीला शोधत होतो आणि सापडत नव्हती, गर्दी फार. चारू पाय झाडायला लागली. अरुंधती फाटकाशी होती. धावत आली नाही. जिथे होती तिथेच उभी राहिली, झोळी पायाशी ठेवून, आणि आम्ही तिच्याकडे गेलो. चारूने दोन्ही हात पुढे केले. एवढंच झालं. स्टँडवर कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

तो रविवार ओळखीत गेला नाही. मायलेकी दिवसभर खिदळत होत्या आणि मी उगीचच तारेवरचे कपडे काढत, घालत होतो.

मग सोमवार आला. पहाटे आम्ही तिघं स्टँडवर. नेहमीप्रमाणे आता सायकल वळवायची, असं माझ्या मनात होतं, पण माझ्याने वळवेना. ती मागे एकटी उभी राहणार, माझ्या शर्टाकडे बघत, हे मला पाहवणार नव्हतं. मी म्हणालो, "आज तूच आधी निघ."

ती गाडीत चढली. कंडक्टर तिच्या ओळखीचा. ड्रायव्हरमागची बाईमाणसांची सीट तो तिच्यासाठी रुमाल टाकून धरायचा. त्याने रुमाल उचलला. अरुंधती त्याच्यासमोरून पुढे गेली आणि सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्या बाकावर आपणहून कुणी बसत नाही. तिथे बसलेला माणूस कन्हानपर्यंत डोक्याने छत मोजतो, आणि पुढे पारशिवनीचा रस्ता तर देवानेसुद्धा सोडून दिलेला. तिने मागच्या काचेवरची धूळ पदराने पुसली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी निघाली, आणि मी तिच्या मागे.

पहाटेची वेळ, रस्त्यात दुधाच्या सायकली, भाजीच्या बंड्या. गाडीला पळता येत नव्हतं. मी जीव खाऊन पायडल मारत होतो, गुडघे आता सरळ. चारू माझ्यापुढे, तोंड गाडीकडे, आणि काचेत तिची आई. चारू हात हलवत होती की नुसती बघत होती, हसत होती की ओठ काढत होती, मला काही दिसत नव्हतं. मला अरुंधतीचं तोंड दिसत होतं. ते हसलं की मला कळायचं, पोरगी हसली. ते एकदा एकदम वाकडं झालं, तेव्हा मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. आणि काचेतलं तोंड पुन्हा सरळ झालं. असे आम्ही तिघं एकमेकांना बघत कामठी रोडपर्यंत गेलो. तिथे रस्ता मोकळा झाला आणि गाडी आमच्यापेक्षा मोठ्या घाईत निघून गेली.

मी रस्त्याच्या कडेला एक पाय टेकून धापा टाकत उभा राहिलो. चारू रडली नाही. गाडी गेली तिकडे ती बघत राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आई येनार."

पुढच्या शनिवारी अरुंधती कंबर धरून उतरली. त्या बाकाने हाडं खिळखिळी केली, असं म्हणाली. मग पुढच्या सीटवर बसत जा, मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात सोप्या बेरजेला चुकलेल्या पोराकडे बघत असेल. राजीनाम्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही, आणि पारशिवनीला होती तितकी वर्षं, दर सोमवारी, ती मागच्या बाकावर आदळत गेली.